गाणाऱ्या मुलांना कप नको, काम द्या

दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या बक्षीस समारंभात आमच्या शाळेतील गाणाऱ्या मुलांच्या हाती कप येतात. भजन, नाट्यगीत, भावगीत, समूहगीत. पहिला, दुसरा आणि उत्तेजनार्थ. पालक फोटो काढतात. प्रमुख पाहुणे 'गोव्याच्या मातीतच संगीत आहे' असे सांगतात आणि आपण सगळे टाळ्या वाजवतो. पुढच्या संमेलनापर्यंत त्या मुलांच्या गाण्याचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांमागे सातवीतला एक मुलगा रोज सकाळी प्रार्थना सांगायचा. त्याने सूर लावला की मैदानावरचा गलका आपोआप थांबायचा. आठवीत गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचा आवाज फुटला. एके सकाळी प्रार्थनेत तो अडखळला, मागच्या रांगेतली मुले हसली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या जागी पाचवीतली एक मुलगी उभी केली. त्या मुलाला कोणी काढून टाकले नव्हते. त्याला पुन्हा बोलावले नाही, इतकेच. तो नंतर शाळेत कधी गायला नाही. त्याच्या घरी दोन कप होते.

ही गोष्ट आठवण्याचे कारण असे की, गाणाऱ्या मुलांचे पुढे काय करायचे, या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील चर्चनी शेकडो वर्षांपूर्वी शोधून ठेवले आहे. त्याला तिकडे 'कोरल स्कॉलरशिप' म्हणतात. आपण तिला गायकवृंदाची शिष्यवृत्ती म्हणू. ती आहे तशी उचलून इथे आणता येणार नाही. पण तिच्यातून आपल्या शाळेला आणि विश्वस्त मंडळाला घेण्यासारखे बरेच आहे, असे आमचे मत आहे.

आधी ही पद्धत कशी चालते ते पाहू. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजची स्थापना सहाव्या हेन्री राजाने १४४१ मध्ये केली. कॉलेजच्या चॅपेलमध्ये रोजच्या उपासनेत गाण्यासाठी सोळा मुले असावीत, अशी तरतूद त्याने करून ठेवली. आजही तिथे सोळा मुलेच गातात. लहान वयातच मुलांची चाचणी घेऊन निवड होते. ती मुले कॉलेजच्याच शाळेत राहून शिकतात आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा कॉलेज उचलते. नवीन मूल पहिल्याच दिवशी पूर्ण गायक होत नाही. आधी ते उमेदवार म्हणून जुन्या मुलांच्या शेजारी उभे राहते, त्यांच्या वहीत बघते, त्यांचा श्वास कुठे घेतला जातो ते ऐकते. आपल्या भजनी मंडळात लहान मुलगा मोठ्यांच्या मागे झांज घेऊन बसतो, तसेच हे.

मुलांचे वरचे स्वर झाले. खालच्या स्वरांसाठी मोठे पुरुष लागतात. ते काम किंग्जमध्ये विद्यापीठातले विद्यार्थी करतात. हेच 'कोरल स्कॉलर'. कोणी गणित शिकतो, कोणी इतिहास, कोणी संगीत. विद्यापीठातला प्रवेश त्यांनी स्वतःच्या गुणांवर मिळवायचा असतो. गाण्याची चाचणी वेगळी. त्या चाचणीत तयार करून आणलेले गाणे तर म्हणावे लागतेच, पण कधी न पाहिलेली स्वरलिपी समोर ठेवून 'हे आता गा' असेही सांगतात. निवड झाली की सत्र चालू असताना आठवड्यातले बहुतेक दिवस सायंप्रार्थनेला हजर राहायचे, तालीम करायची आणि गायचे. त्याबदल्यात मिळणारी रक्कम पाहिली तर आपल्याला हसू येईल, इतकी लहान असते. खरा मोबदला म्हणजे गायनाचे शिक्षण आणि रोजचे काम.

या रोजच्या कामावर आमचा सगळा भर आहे. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थना-पुस्तकात १५० स्तोत्रे सकाळ-संध्याकाळ वाटून महिन्याच्या तीस दिवसांत पुरी करण्याची रीत घालून दिलेली आहे. आज सगळीकडे ती तंतोतंत पाळली जात नसेल, पण तिच्यामागची सवय पाहा. आज अमुक तारीख, म्हणून आज हे गायचे. मूड असो वा नसो, श्रोते पन्नास असोत वा पाच. पावसाळी संध्याकाळी रिकाम्या बाकांसमोरही तितक्याच शुद्ध सुरात गायचे. आमच्या मुलांना वर्षातून एकदा, एकच गाणे, तीन महिने घोटून म्हणायची सवय आहे. त्या एका गाण्यात ती कोणालाही हरवतील. दुसऱ्या दिवशी नवीन गाणे समोर ठेवले तर मात्र गोंधळतील. स्पर्धेची तयारी आणि व्यवसायाची तयारी यांत हाच फरक आहे.

आणि हा रस्ता व्यवसायापर्यंत खरोखर जातो. रॉबर्ट टियर, मायकल चान्स, मार्क पॅडमोर, जेराल्ड फिनली या पुढे जगभर नाव झालेल्या गायकांनी तारुण्यात किंग्जमध्ये कोरल स्कॉलर म्हणून गायलेले आहे. 'किंग्ज सिंगर्स' हा सहा गायकांचा प्रसिद्ध संच १९६८ मध्ये उभा राहिला, तोही प्रामुख्याने तिथल्याच कोरल स्कॉलर मुलांमधून. अर्थात, सगळेच काही गायक होत नाहीत. कित्येक जण शिक्षक, डॉक्टर, वकील होतात आणि आयुष्यभर हौसेने गातात. पण ज्याला गायकच व्हायचे आहे, त्याच्यासमोर शिडी असते. लहानपणी गायकवृंद, पुढे माध्यमिक शाळेची संगीत शिष्यवृत्ती, मग विद्यापीठात कोरल स्कॉलर, त्यानंतर एखाद्या कॅथेड्रलमध्ये पगारी गायक किंवा संगीत महाविद्यालय, ऑपेरा, ध्वनिमुद्रण. एकेक पायरी लहान आहे. आमच्याकडे पहिली पायरी आहे आणि एकदम वरचा मजला आहे. मधल्या पायऱ्याच नाहीत.

आता कोणी म्हणेल, 'हे इंग्लंडचे झाले. आपला काय संबंध?' पालकहो, गोव्यात राहून हा प्रश्न आपण विचारू नये. आपल्या शेजारच्या चर्चमध्ये अशीच एक शाळा शतकानुशतके चालत आली. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणारा चर्चचा संगीतशिक्षक असे. उद्देश एवढाच की, रविवारच्या मिस्साला आणि फेस्ताला गायक-वादक मिळावेत. कोणी व्यवसायाचा विचार केला नव्हता. पण गावोगावची साधी घरची मुले त्या शाळांतून कागदावरचे संगीत वाचायला शिकली आणि त्याच बळावर पुढे मुंबई गाठून पोटाला लागली.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यातलेच एक. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलाने लहानपणीच व्हायोलिन हाती घेतले आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक आणि संयोजक म्हणून नाव मिळवले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातल्या गाण्यात जे नाव सगळ्या देशाने गुणगुणले, ते शिष्याच्या गुरुजींचे नाव होते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद बांधले. फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रपटांसाठी तसेच काम केले आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. त्या काळच्या स्टुडिओत चाल सुचणारे पुष्कळ होते. ती चाल चाळीस वादकांसाठी कागदावर उतरवणारे आणि ती बघताक्षणी वाजवणारे थोडे होते. ते काम प्रामुख्याने गोव्याच्या मुलांकडे आले. त्यांना गाव सोडताना कोणी कप दिला नव्हता. वाचता येईल अशी विद्या दिली होती.

हे लिहिताना आपल्या देवळांकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. मंगेशीने मास्टर दीनानाथ (१९००–१९४२) दिले आणि जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) दिले. अभिषेकींचे वडील त्याच देवळाच्या सेवेत होते आणि कीर्तन करत. मुलाच्या कानावर पहिले संस्कार घरीच झाले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही नावे आपण भाषणात अभिमानाने घेतो. पण खरे तेही सांगायला हवे. आपल्या देवळांत गाणे-नाचणे ही काही घराण्यांवर जन्माने लादलेली सेवा होती. त्या घरात जन्मलेल्या मुलीला 'मला हे नको' म्हणण्याची सोय नव्हती आणि समाजाने तिच्या कलेचा लाभ घेतला तरी मान दिला नाही. त्या बेडीतून त्या घराण्यांनी शिक्षणाच्या आणि संघटनेच्या बळावर स्वतःला सोडवले. ती पद्धत परत यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. शिष्यवृत्ती वेगळी असते ती याच ठिकाणी. ती चाचणीने मिळते, जन्माने नाही. तिची मुदत ठरलेली असते. आणि तिच्यातून बाहेर पडण्याचे दार उघडे असते.

इंग्लंडमधली पद्धतही निर्दोष नव्हती. शेकडो वर्षे त्या गायकवृंदांत मुलींना जागाच नव्हती. सॉल्झबरीच्या कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचा वेगळा गायकवृंद सुरू केला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने तर मुली आणि स्त्रियांना आपल्या मुख्य गायकवृंदात घेतले ते २०२२ मध्ये. आमच्या शाळेत गाणाऱ्यांत मुली अधिक आहेत. त्यामुळे ही चूक आपल्याकडून होण्याची भीती कमी. पण दुसरी चूक आपण करतो, ती मुलग्यांच्या बाबतीत.

ती चूक म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची गोष्ट. तिला जुना आणि फार मोठा दाखला आहे. ऑस्ट्रियातला हायडन आठ वर्षांचा असताना व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये गाण्यासाठी नेला गेला. पुढे त्याचा आवाज फुटला आणि १७४९ च्या सुमारास त्याला तिथून काढून टाकले. सतरा-अठरा वर्षांचा तो मुलगा हातात काही नसताना रस्त्यावर आला आणि शिकवण्या करून, मिळेल तिथे वाजवून कसाबसा दिवस काढू लागला. तो पुढे थोर संगीतकार झाला, हे त्याचे कर्तृत्व, संस्थेचे नव्हे. त्याच शहरात सुमारे साठ वर्षांनी, १८०८ मध्ये, शूबर्ट नावाचा अकरा वर्षांचा मुलगा राजदरबाराच्या चॅपेलमध्ये गायला लागला. त्या जागेबरोबर त्याला चांगल्या शाळेत राहून शिकण्याची सोय मिळाली. १८१२ मध्ये त्याचाही आवाज फुटला. पण त्याची शाळा लगेच सुटली नाही. तो तिथे आणखी वर्षभर राहून शिकला. पहिल्या ठिकाणी संस्थेने आवाज पोसला होता. दुसऱ्या ठिकाणी, थोडाफार का होईना, मुलगा पोसला. आपली शाळा यांपैकी कोणत्या बाजूला आहे, हे आम्ही स्वतःला विचारले आणि उत्तर आवडले नाही.

आता पालकांच्या शंकांकडे वळू, कारण त्या खऱ्या आहेत.

पहिली शंका, 'गाण्याने पोट भरत नाही.' बऱ्याच जणांचे भरत नाही, हे खरे. म्हणूनच आम्हाला ही पद्धत पटते. कोरल स्कॉलर गणिताचा विद्यार्थी असू शकतो. त्याचे गाणे अभ्यासाचा बळी घेत नाही आणि अभ्यास गाण्याचा घेत नाही, कारण दोन्हींच्या वेळा आखलेल्या असतात. आमच्याकडे आठवीपर्यंत 'किती छान गाते हो' आणि नववीपासून 'आता पेटी बंद, क्लास सुरू' असा प्रकार आहे. ज्या मुलीला गाऊन पोट भरता आले असते, तिचेही गाणे त्याच दिवशी संपते. ती पुढे काय झाली असती ते कळायला वावच राहत नाही.

दुसरी शंका धर्माची. 'चर्चची पद्धत शाळेत कशाला?' आम्ही चर्चची उपासना आणायला सांगत नाही, कामाची शिस्त आणायला सांगतो. इंग्लंडमध्येही अनेक कॉलेजांत कोरल स्कॉलर श्रद्धावान असलाच पाहिजे अशी अट नसते. वेळेवर येऊन नीट गायला मात्र हवे. आपल्या शाळेत सर्व धर्मांची मुले आहेत. ज्याला देवळात गायचे नाही, त्याने शाळेच्या प्रार्थनेत, राष्ट्रीय सणांना, वृद्धाश्रमात गावे. काम हवे, जागा कोणतीही चालेल.

तिसरी शंका आमची स्वतःची आहे. मुलांकडून फुकटात गाऊन घेण्याचा हा सभ्य मार्ग तर होणार नाही ना? होऊ शकतो. प्रत्येक कार्यक्रमाला 'स्वागतगीताला मुले पाठवा' अशी चिठ्ठी येते आणि वर्ग सोडून मुले दोन दोन तास पाहुण्यांची वाट बघत उन्हात उभी राहतात, हे आपण पाहतोच. म्हणून कामाचे तास लिहून ठेवले पाहिजेत आणि त्यापलीकडे मागणी आली तर 'नाही' म्हणायची जबाबदारी मुख्याध्यापकांची असली पाहिजे, मुलाची नव्हे.

हे सगळे लक्षात घेऊन आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक साधी योजना ठेवत आहोत. संमेलनातल्या गायनस्पर्धांचे कप बंद करावेत, प्रशस्तिपत्र पुरे. त्या पैशांत देणगीदारांची थोडी भर घालून दरवर्षी सातवीतून चार मुले निवडावीत आणि प्रत्येकाला दहावीपर्यंत तीन वर्षांची गायन शिष्यवृत्ती द्यावी. निवडीच्या वेळी बसवून आणलेले गाणे एकच ऐकावे. मग पेटीवर चार सूर वाजवून ते म्हणायला लावावेत, अनोळखी ओळ दोनदा ऐकवून ती परत म्हणायला सांगावी. म्हणजे ज्याला घरी गुरुजी ठेवणे परवडते आणि ज्याला परवडत नाही, त्या दोघांना सारखी संधी मिळेल. रक्कम पालकांच्या हाती न देता थेट गायनशिक्षकाला द्यावी. मुलांनी भातखंडे स्वरलिपी तर शिकावीच. जमेल तेव्हा चर्चमध्ये वाजवणाऱ्या एखाद्या जाणकाराला बोलावून पाश्चात्त्य स्वरलिपीही शिकावी. मैलभरावर ही विद्या असताना आपण ती न घेणे हा करंटेपणा आहे.

त्याबदल्यात त्या चौघांनी रोजची प्रार्थना सांभाळावी आणि दर आठवड्याला एक नवे पद किंवा गीत बसवून शुक्रवारी सर्वांसमोर, माइक न लावता, म्हणावे. माइक नसला की मुले एकमेकांचे ऐकतात. माइक असला की प्रत्येक जण स्वतःचेच ऐकतो. ज्यांची इच्छा आहे त्यांनी महिन्यातून एकदा देवळाच्या भजनात बसावे. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत बालगट असतो, तिथेही जरूर जावे. पण ते वर्षाचे ध्येय होऊ नये. दहावीच्या वर्षी काम निम्मे करावे, शिष्यवृत्ती मात्र पुरी द्यावी.

आणि एक कलम ठळक अक्षरांत असावे. आवाज फुटला म्हणून कोणाचीही शिष्यवृत्ती थांबणार नाही. त्या काळात त्याने तबला शिकावा, पेटी शिकावी, खालच्या पट्टीत हलके गुणगुणावे, लहानांना पाठ द्यावा. सहा महिने लागोत की दीड वर्ष, त्याची रांगेतली जागा त्याचीच राहील. मागची मुले हसली तर त्यांना गप्प करणे आमचे काम.

यातून किती गायक निघतील? कदाचित एखादा, कदाचित एकही नाही. पण दहा वर्षांत चाळीस मुले अशी असतील, ज्यांना रोज वेळेवर उभे राहणे, शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला लावणे आणि न पाहिलेली ओळ न घाबरता म्हणणे जमते. एवढे झाले तरी पैसे वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

पुढील पालक-शिक्षक सभेत हा विषय घ्यावा, अशी आम्ही विश्वस्तांना विनंती केली आहे. पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, लेखी कळवावे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही लिहा. आणि तुमच्यापैकी कोणाचा आवाज सध्या फुटत असेल, तर त्याने सोमवारी मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत यावे. तबल्याच्या जोडीजवळ एक जागा रिकामी आहे.